सराव की ठराव

'स' आणि 'ठ' यांच्यामध्ये अंतर किती, ते मी मोजलेलं आहे. छत्तीस घरं, एकोणीस माग, दोन आड आणि एक पिंपरणीचं झाड. एवढी वस्ती त्या दोन अक्षरांच्या मध्ये मावते, आणि एके दिवशी सकाळी सव्वाअकराला ती अख्खी माझ्या उजव्या हाताच्या एका बोटाखाली आली होती.

साल दोन हजार बेचाळीस. करंजफाट्याच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र विभागाचा शिपाई. आडनाव तुपसुंदर, पण पोरं नुसतं मामा म्हणायची. निवृत्तीला सात महिने उरलेले. कॉलेजात माझ्यापेक्षा जुनी फक्त घंटा होती, आणि तीही मी टोले देऊन देऊन निम्मी झिजवली होती. उरलेली निम्मी वाजायची, म्हणून मुलांना पन्नास मिनिटांचा तास पंचवीस मिनिटांचा वाटायचा.

त्या वर्षी तालुक्याला कौलपेटी आली. दिसायला शिवणयंत्राच्या झाकणाएवढी, सोबत दीडशे मनगटी पट्टे. त्याआधी जनसुनावणी व्हायची ती हात वर करून. आणि हात वर करण्याआधी माणूस दाराकडे बघायचा, तिथं कोण उभं आहे ते. हात एक सांगायचा, मन दुसरंच. कौलपेटी हाताला विचारतच नव्हती. पट्टा बांधला की ती तुम्हांला वीस साधे प्रश्न ऐकवायची: मीठ खारट असतं का, नदी डोंगर चढते का, असले. तुम्ही तोंड उघडायचं नाही. मनात होकार उमटला की मनगटातल्या शिरेची चाल, घामाचा ओलावा, कातडीची ऊब केसभर बदलते. नकार उमटला की वेगळ्या तऱ्हेनं बदलते. प्रत्येक माणसाची तऱ्हा निराळी. त्या वीस प्रश्नांत पेटी तुमची तऱ्हा शिकून घ्यायची, आणि मग भाषणं चालू असताना क्षणाक्षणाला मोजत राहायची, किती मनं हो म्हणतायत आणि किती नाही. दाराशी कुणी का उभं राहीना.

मोजमाप इतकं बिनचूक निघालं की पेटीचा आकडा म्हणजेच ठराव, असा कायदा झाला. शंभर मनं हवीत, सगळी तालुक्यातली, सगळी अठरा पूर्ण. एवढी जमली की सभा पक्की. कुठली शंभर, हे मात्र कायद्यात लिहायचं राहून गेलं.

आमच्याकडे दरवर्षी अभिरूप विधानसभा भरायची. एक सत्ताधारी, एक विरोधक, बाकीचा वर्ग म्हणजे सभागृह. राज्यशास्त्राच्या नलावडे मॅडम सभापती. बाई हुशार आणि खट. त्यांचा नियम असा की ज्याचं जिथं दुखतं, त्यानं त्याच्या उलट बाजूनं बोलायचं. "स्वतःच्या बाजूनं काय, कुणीही बोलतं," त्या म्हणायच्या.

त्या वर्षीचा विषय त्यांनी कचेरीच्या सूचनाफलकावरूनच उतरवून घेतला होता: सनगरगल्ली हलवून तिथून नदीपलीकडच्या दवाखान्याला सरळ रस्ता न्यावा. सनगरगल्लीत घोंगड्या विणतात. म्हणून ठरावाच्या बाजूनं बोलणार होती त्याच गल्लीतली ईश्वरी सनगर, जिची आई सारिका गल्लीच्या मधल्या घरात मागावर बसते. आणि विरुद्ध बोलणार होता शार्दूल कोठावळे, ज्याच्या वडिलांना तो रस्ता बांधायला मिळणार होता.

आदल्या दिवशी मी फळा पुसत होतो, तेव्हा ईश्वरी मॅडमना भाषण वाचून दाखवत होती.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "इथं 'आम्ही' आलंय. काढ. सगळीकडे 'आपण' कर."

"पण मॅडम, गल्ली आम्हीच सोडणार ना? तुम्ही कुठं सोडताय?"

"म्हणूनच. आम्ही म्हटलंस की भिंत उभी राहते. आपण म्हटलंस की ऐकणारा भिंतीच्या आत येतो. गल्लीतलीच मुलगी म्हणतेय आपण सोडू, म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

ईश्वरीनं खोडलं, लिहिलं, मोजलं. "एकतीस वेळा आपण झालं, मामा," ती मला म्हणाली. "एवढं तर लग्नपत्रिकेतपण नसतं."

आता माझी चूक. तालुक्याची ती पेटी आमच्या विभागाच्या नावावर ठेवलेली होती, आणि अभिरूप सभेच्या सरावासाठी मी ती वर्गात आणली होती. पेटीवर काचेत दोन बटणं उमटायची, शेजारी शेजारी, सारख्या मापाची. एकावर 'सराव', दुसऱ्यावर 'ठराव'. सराव दाबला की हिरवा दिवा लागायचा, आकडे दिसायचे आणि पुसले जायचे. ठराव दाबला की तांबडा, आणि आकडे थेट जिल्ह्याला. ज्यानं ही पेटी रचली त्याला चाळिशी लागलेली नसणार. माझ्या डाव्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता, चष्मा खिशात होता, आणि समोर एकशे बारा पोरं पट्टे बांधून गोंगाट करत होती. मॅडम म्हणाल्या, "मामा, दाबा." मी दाबलं.

ईश्वरी उठली. अशी बोलली की पंखेसुद्धा हळू फिरायला लागले.

"रुग्णवाहिकेला आज अकरा किलोमीटरचा वळसा पडतो," ती म्हणाली. "गेल्या वर्षी त्या वळशावर तीन माणसं गेली. आपली माणसं. आपण थोडं सोसू. आपण गल्ली सोडू आणि आपल्या गावाला रस्ता देऊ."

पोरांनी बाकं वाजवली. आकडा फळ्यावर लिहायचं काम माझं. मी ट्रे ठेवला, चष्मा लावला, पेटीवर वाकलो. हो म्हणणारी मनं, शेकडा एकाहत्तर.

आणि आकड्याच्या वर तांबडा दिवा.

मला आधी वाटलं, चष्म्याची काच खराब आहे. मी ती दोनदा पुसली. दिवा तांबडाच. खाली बारीक अक्षरात उमटलं होतं: 'विषय प्रलंबित नस्तीशी जुळला. सभा पक्की. मने ११२.' नस्ती म्हणजे कचेरीतली फाईल, खरी.

मी सभापतींच्या खुर्चीमागे गेलो. "मॅडम, ठराव दाबलं गेलंय."

"काय दाबलं गेलंय?"

"ठराव. स-च्या जागी ठ."

मॅडमनी पेटीकडे पाहिलं नाही. समोर शार्दूल बोलायला उभा राहत होता, त्याच्याकडे बघत त्या हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "बंद करता येत नाही, मामा."

ते मलाही माहीत होतं. हे नियम त्यांनी महिनाभर आधी वर्गात शिकवले होते आणि मी दाराशी स्टुलावर बसून ऐकले होते. पूर्वी सुनावण्या उधळायला माणसं पाठवली जायची, म्हणून कायदा असा केला की सभा मधेच मोडली, वीज गेली, लोक उठून गेले, तर शेवटचा आकडा कायम. वक्त्याशिवाय कुणी सभेला चार शब्द सांगितले किंवा कुणीही पेटीचं नाव काढलं, तर तो दबाव, आकडा तिथल्या तिथं गोठला. वक्ता आपली बाजू सोडून दुसऱ्या बाजूनं बोलायला लागला, तर तो विकला गेला असं समजायचं, आकडा गोठला. आणि एकदा झालेला ठराव पाच वर्षं पुन्हा उघडायचा नाही. सगळ्या चोरांसाठी बसवलेली कुलपं, आणि आत अडकलो होतो आम्ही.

"शार्दूलनं फिरवलं तर?" मी विचारलं.

"शार्दूलनं काल रात्री पाठ केलंय," मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या. "ऐका."

शार्दूल सुरेख बोलत होता. हस्तकला, वारसा, पर्यावरण, सगळं रांगेत. पण त्यातलं एकही अक्षर त्याचं नव्हतं, आणि मनगटांना ते कळत होतं. त्याची दहा मिनिटं संपली तेव्हा आकडा सहासष्ट होता. पन्नासच्या खाली यायला हवा होता.

उरलं होतं फक्त ईश्वरीचं समारोपाचं भाषण, आठ मिनिटांचं. ठरावाच्या बाजूनं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "समारोपाआधी वक्त्यांना पाणी द्या, मामा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता, आवाजात नव्हता.

मी हजेरीच्या वहीचा कोपरा फाडला. लिहिलं: 'तांबडा दिवा. खरं चाललंय. ६६. माझी चूक.' घडी केली, ग्लासाखाली ठेवली, आणि ग्लास ईश्वरीच्या हातात असा दिला की तिचं बोट कागदाला लागावं.

तिनं वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही, पेटीकडेही नाही. हातातल्या भाषणाच्या कागदाकडे बघत राहिली. त्या पोरीला मी तीन वर्षं ओळखत होतो, वर्गात शिरताना दारात माझ्या स्टुलाला ठेचकाळल्याशिवाय ती कधी गेली नाही. आता तिच्या हातातलं पाणी हलत नव्हतं. मला ते बघवेना.

पेटीचा दिवा पोरांना दिसू नये म्हणून मी पुढे उभा राहिलो. मी तसा रुंद माणूस. पण शार्दूल अगदी बाजूला बसलेला. त्यानं मान तिरकी केली, आणि माझ्या कोपराखालून त्याला तो तांबडा ठिपका दिसला.

तो माझ्याकडे बघत राहिला. नियम त्यालाही पाठ होते. उठून एवढंच म्हणायचं, अरे, हे खरं चालू आहे की. सहासष्टवर गोठलं असतं. रस्ता त्याच्या बापाच्या अंगणात.

"काय झालं रे?" मागच्या बाकावरच्या पोरानं त्याला विचारलं.

शार्दूलनं तोंड उघडलं. मग ईश्वरीकडे बघितलं.

"काही नाही," तो म्हणाला. "मामा मधे आलेत. फळा दिसत नाही."

"ईश्वरी सनगर," मॅडम म्हणाल्या. "आठ मिनिटं."

ती उभी राहिली. पहिलं वाक्य तिनं कागदावरून वाचलं. "सभापती महोदया, मी ठरावाच्या बाजूनंच बोलणार आहे. माझे मुद्दे तेच आहेत."

मग कागद खाली ठेवला.

"रुग्णवाहिकेला अकरा किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून आम्ही थोडं सोसू. आम्ही गल्ली सोडू, आणि तुमच्या गावाला रस्ता देऊ."

मॅडमची मान वर आली. मी पाठ पेटीकडे आणि नजर बाजूच्या काचेच्या दारात धरून उभा होतो. दारात आकडा उलटा दिसायचा, पण मला वाचता येत होता. पासष्ट.

"रस्ता झाला की तुम्ही दवाखान्यात सात मिनिटांत पोचाल. आम्हांला गावाबाहेर चौथ्या मजल्यावर खोल्या मिळतील. खोल्या चांगल्या आहेत, मी बघून आलेय. घोंगडीचा ताणा चाळीस हात लांब लागतो. तो आम्ही गल्लीत पसरतो आणि चिंचोक्याची खळ लावतो. लहानपणी तुम्ही त्याच्याखालून वाकून शाळेत गेलाय, आम्ही ओरडायचो, खळ लागेल म्हणून. चौथ्या मजल्यावर चाळीस हात सरळ जागा नाही. ते आम्ही बघून घेऊ. तुम्ही काळजी करू नका."

एकसष्ट. कुणीतरी खोकलं. बाकं कुणी वाजवेना.

"तुमच्या घरी जागरणाला घोंगडी अंथरतात. ती आम्ही विणलेली. पुढच्या वेळी दुसरीकडून आणा. आम्ही रागावणार नाही."

अठ्ठावन्न. पहिल्या बाकावरची एक मुलगी आपल्या मनगटाकडे बघायला लागली, जणू पट्टा घट्ट झाला होता.

"मी नकाशा बघितलाय. माझ्या आईच्या मागाचा खड्डा रस्त्याच्या बरोबर मध्यावर येतो. गुडघाभर खोल आहे, तो भरून घ्यावा लागेल. एकदा भरला की कळणार नाही. तुम्ही त्यावरून जाताना गाडी हळू करू नका. आत रुग्ण असेल."

पंचावन्न. चोपन्न. हे ती टोमण्यानं बोलत असती तर पोरं हसली असती आणि सुटली असती. ती तसं बोलत नव्हती. रस्ता हवाच, माणसं वाचायलाच हवीत, हे तिला खरंच पटलेलं होतं. एवढंच की कोण देणार आणि कोण घेणार, ते प्रत्येक वाक्यात उघडं पडत होतं.

पेटी दोनदा अडखळली. वक्त्यानं बाजू सोडली की काय, ते ती शब्दाशब्दाला तपासायची. पण पेटी जिथं घडली तिथल्या भाषेत आपण आणि आम्ही या दोन्हींना एकच शब्द. तिच्या लेखी ईश्वरी तेच भाषण पुन्हा वाचत होती.

एक्कावन्न. आणि तिथं ईश्वरीचं सांगायचं संपलं. चाळीस सेकंदं उरली होती.

तिनं ग्लास उचलला आणि सावकाश पाणी प्यायली. वर्गात आवाज फक्त त्या घोटांचा. दारातला आकडा एक्कावन्नवर, बावन्नवर, पुन्हा एक्कावन्नवर. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी लांबवून सांगितल्या आहेत, पण तेवढी चाळीस सेकंदं मी काही केल्या लांबवलेली नाहीत, ती तशीच होती.

ग्लास खाली ठेवून ती म्हणाली, "ठरावाला आमचा पाठिंबा आहे. तुम्ही तुमचं बघा."

घंटा वाजवायचं काम माझं. मी वाजवली.

सत्तेचाळीस.

तांबडा दिवा विझला. काचेवर उमटलं: 'ठराव फेटाळला. नोंद झाली.' मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "सभागृह तहकूब," आणि मग बराच वेळ उठल्याच नाहीत.

पोरांना शेवटी कळलं तेव्हा गलका झाला. मी शार्दूलला व्हरांड्यात गाठलं. "का रे बोलला नाहीस?"

"मी आज विरोधी बाजूचा होतो ना, मामा," तो म्हणाला. मग बुटाकडे बघत, "घरी सांगू नका."

जिल्ह्याहून चौकशीला एक साहेब आले. मी लिहून दिलं की स-ला ठ समजलो. साहेबांनी मने मोजली, नियम तपासले, सही केली. आकडा कायम. मॅडमनी ईश्वरीला गुण दिले, पण दोन कापले. शेरा लिहिला: समारोपात सर्वनाम बदलले. ईश्वरीनं तो शेरा मला दाखवला, आणि आम्ही दोघं हसलो, आणि मला वाटलं, गोष्ट संपली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गल्लीत नेलं. घरोघरी चहा झाला. मधल्या घरात सारिका मागावर बसलेली, पाय खड्ड्यात. धाग्यांतून फिरणारा धोटा तिनं थांबवला नाही.

"मामा, बसा. सगळं ऐकलं मी. हिनं आम्ही-आम्ही म्हणून गाव फिरवलं म्हणं."

"फिरवलं खरं," मी म्हणालो. "मी इतकी वर्षं भाषणं ऐकतोय, पण असं..."

"आम्ही म्हंजे कोण गं?" तिनं लेकीला विचारलं.

ईश्वरीनं चहाचा कप खाली ठेवला.

"आम्ही सोडू, आम्ही सोसू, आम्ही रागावणार न्हाई. मला इचारलंस? त्या कोपऱ्यावरच्या काकूला इचारलंस? तिचा मालक त्या वळशावरच गेला, गाडीत. तिला रस्ता हवाय. गल्लीत ऱ्हाऊन हवाय."

"आई, वेळच नव्हता. आठ मिनिटं होती. आणि मी गल्ली वाचवली ना? तुला काय जायचं होतं का?"

"न्हाई. मला इथंच मरायचंय." धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला आणि परत आला. "पण तुमच्या सभेत एकशेबारा मनगटांना पट्टे होते. या गल्लीतलं मनगट तिथं एकच. तेबी बोलणारीचं, बिनपट्ट्याचं. माझं नशीब त्या दिवशी चांगलं होतं, एवढंच झालं की."

ईश्वरी खाली बसली, आईच्या समोर, जमिनीवर. तिचं तोंड उतरलं होतं. ती आईच्या हातांकडे बघत राहिली.

"पाच वर्षं उघडत नाही विषय," मी आपलं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

"मग पाच वर्षांनी उघडंल," सारिका म्हणाली. "ती पेटी कॉलेजात किती दिस आहे?"

"विभागाच्या नावावर आहे. मी निवृत्त होईपर्यंत किल्ली माझ्याकडे."

"बाजाराच्या दिवशी माग बंद असत्यात. त्या दिवशी आणा इकडं. आमच्या हातांना बांधा. ही दोन्ही बाजूंनी बोलंल, एकदा आपण म्हणून, एकदा आम्ही म्हणून. आमची मनं काय म्हणत्यात, ते आम्हांला तरी कळू दे आधी. तिकडून नकाशा आणतील, तवा आमच्याकडंबी एखादा असू दे. गल्ली ठिवून रस्ता कुठनं जातोय, ते बघू."

बाजाराच्या दिवशी मी पेटी घेऊन गेलो. मॅडमनी परवानगी दिली, आणि स्वतः मागे येऊन बसल्या, पट्टा बांधून. पिंपरणीखाली त्र्याऐंशी माणसं जमली होती. बाया, म्हातारे, कोपऱ्यावरची काकू पहिल्या रांगेत. ईश्वरी दोन्ही भाषणांचे कागद घेऊन उभी.

मी काचेवर बोट नेलं.

"थांबा मामा," सारिका म्हणाली. ती उठून आली. माझ्या नाकावरचा चष्मा काढला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या, आणि पुन्हा नीट माझ्या नाकावर बसवला.

"आता मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. "स," मी म्हणालो. "सराव."

"सगळ्यांनी ऐकलं?" तिनं मागे वळून विचारलं. त्र्याऐंशी जणांनी हो म्हटलं, तोंडानं. मग मी दाबलं.